पुडी ते पाऊच : एका किराणा दुकानदाराच्या मुलाच्या आठवणी

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवला, तेव्हा किल्ल्यावर एक लेख द्या." किल्ल्यावर लिहिणारे जाणकार आपल्या धारूरमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्यासमोर मी काय लिहिणार? माझा जन्म किराणा दुकानात गेला. मास्तरकी करत होतो तेव्हासुद्धा सुट्टीच्या दिवशी मी गल्ल्यावर बसायचो. तेव्हा म्हटलं, जे डोळ्यांनी पाहिलं त्याचाच इतिहास लिहावा.

विषय मात्र सुचला तो नालीपाशी. मागच्या पावसाळ्यात आपल्या मागच्या ओळीची नाली तुंबली, हे सगळ्यांना आठवत असेल. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी दोन घरांच्या पायरीला लागलं. आम्ही पाच-सहा जण फावडी घेऊन उतरलो. गाळ फार नव्हता. निघाली ती पाकिटं. शाम्पूच्या पुड्या, चिप्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद. दोन घमेली गाळ आणि चार पोती पाकिटं, असा हिशेब झाला. ती पोती बघताना मनात आलं, साठ वर्षांपूर्वी आमच्या दुकानातून शंभर घरांना माल जायचा, पण दुकानाचा म्हणून कचरा मला आठवत नाही. मग हे सगळं आलं कधी आणि कसं? त्याचीच ही हकिगत.

पुडीचे दिवस

आमचं दुकान जुन्या बाजारपेठेत, माळवदाच्या घरात. पुढं दुकान, मागं घर. दुकानात तागाची पोती तोंड उघडून ठेवलेली असायची. साखर, तूरडाळ, हरभराडाळ, जाडं मीठ, गूळ. तेलाचे पत्र्याचे डबे एका बाजूला. छताच्या कडीला दोऱ्याचं रीळ टांगलेलं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, एका हातानं तराजू उचलायचे आणि दुसऱ्या हातानं रद्दीचा कागद ओढायचे. दैनिक 'मराठवाडा'ची रद्दी सगळ्यात जास्त यायची. पावशेर साखरेची पुडी बांधायला अण्णांना एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. कागदाचे कोपरे दुमडले, दोऱ्याचे दोन वेढे दिले, झटका देऊन दोरा तोडला, की पुडी तयार. हळद-मोहरीसाठी सुरळीसारखी पुडी, तिला दोरासुद्धा नको.

वजनमापांची दशमान पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि १९६२ पर्यंत दुकानातली वजनं बदलली. पण तोंडातली भाषा बदलली नाही. अण्णा २५० ग्रॅमचं वजन टाकायचे आणि गिऱ्हाईक मागायचं पावशेरच. आजही मागतं.

जास्त मालासाठी कागदी पिशव्या लागत. त्या कारखान्यातून येत नसत. आमच्या गल्लीतल्या दोन बाया दुपारच्या वेळी मैद्याची खळ करून रद्दीच्या पिशव्या चिकटवायच्या आणि शंभराच्या हिशेबानं अण्णांना आणून द्यायच्या. त्यातल्या एका मावशींनी त्या पैशांवर पोराची फी भरलेली मला ठाऊक आहे.

तेलाला मात्र कागद चालत नाही. गिऱ्हाईक आपली बाटली घेऊन यायचं. तिच्या गळ्याला सुतळी बांधलेली, तेलानं काळी पडलेली. अण्णा नरसाळं लावून मापानं तेल ओतायचे आणि शेवटी चार थेंब वर टाकायचे. त्या चार थेंबांशिवाय माप पुरं झालं असं कुणी मानत नसे.

या सगळ्यात वेष्टन असं नव्हतंच. डाळ कुठल्या गिरणीतली, तेल कुठल्या घाण्याचं, हे गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. त्याला माहीत होते अण्णा. माल वाईट निघाला तर तो थेट दुकानाच्या पायरीवर येऊन बोलायचा. आमच्याकडून कधी वजनात चूक झाली नाही, असं मी म्हणणार नाही. झाली तर लोक तोंडावर सांगत आणि अण्णा पुढच्या वेळी भरून देत. भरवसा माणसावर होता. तो चुकला तर माणूसही समोरच होता.

झाडाचा डबा, माकडाची पावडर

कंपनीचा बंद माल तेव्हाही होता, पण मोजका. तो ओळखला जायचा चित्रावरून. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. ती मला दुकानात पिटाळायची, "जा, झाडाचा डबा आण, माकडाची पावडर आण आणि घोड्याची काडेपेटी आण." झाडाचा डबा म्हणजे डालडा. १९३७ साली हे वनस्पती तूप बाजारात आलं. पिवळ्या डब्यावर हिरवं ताडाचं झाड. नावाची गंमत अशी सांगतात, की हे तूप आधी 'दादा' नावाच्या डच कंपनीच्या नावानं यायचं, लिव्हर कंपनीनं त्यात आपल्या नावातला 'ल' घातला आणि डालडा झालं. आजीला कंपनी, 'ल', यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. झाड दिसलं, काम झालं. माकडाची पावडर म्हणजे माकडछाप काळं दंतमंजन. म्हणून आपल्या भाषेत 'छाप' हा शब्द एवढा रुजला. ज्या देशात निम्म्याहून जास्त लोकांना वाचता येत नव्हतं, तिथं वेष्टनावरचं चित्र हेच मालाचं नाव होतं.

पारलेचं बिस्कीटही असंच. विलेपार्ल्याच्या कारखान्यात १९३९ पासून ही बिस्किटं होऊ लागली. तेव्हा नाव होतं पारले ग्लुको. पुढं ग्लुको नावाची बिस्किटं गल्लोगल्ली निघाली, तेव्हा १९८० नंतरच्या काळात कंपनीनं नाव बदलून पारले-जी केलं. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरची ती छोटी मुलगी एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतले चित्रकार मगनलाल दहिया यांनी १९६० च्या दशकात काढली. ती अमक्या बाईंच्या लहानपणचा फोटो आहे, अशा गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात, पण कंपनीच्या सांगण्यानुसार ते कल्पनेतलं चित्र आहे. तेव्हा पुडा मेणकागदाचा होता. बिस्किटं संपली की आम्ही पोरं तो कागद जपून ठेवायचो. आई तो चूल पेटवायला मागायची. मेणामुळं तो भसकन पेटायचा.

त्या काळात आलेलं वेष्टन घरातच राहायचं. रॉकेलचा चार गॅलनचा चौकोनी डबा पाणी तापवायला, धान्य ठेवायला, कावडीला. ('रॉकेल' हा आपला शब्दच मुळी 'रॉक ऑइल' या इंग्रजी शब्दांवरून आला.) गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा रिकामा झाला की त्याला दुकानात वेगळा भाव. तो विकत घेऊन लोक ज्वारीचं पीठ ठेवायचे. उरलेले डबे कापून, पत्रा सरळ करून, न्हाणीचं दार करायचे. डालड्याच्या डब्यात तुळस लागलेली नाही असं अंगण मी लहानपणी पाहिलं नाही. बायनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचं लहानसं जनावर मिळायचं. ते माझ्या बहिणीनं लग्न होईपर्यंत सांभाळलं. काचेच्या बाटल्या बाटलीवाला घेऊन जायचा. थोडक्यात, माल संपला तरी डबा संपत नसे.

लाल दोरा

हे सगळं सोन्यासारखं होतं असं मात्र नाही. १९६९ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा. अण्णांनी शरबताच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल भरून ते घरातल्या कोनाड्यात ठेवलं होतं. बाटलीवर संत्र्याचं चित्र तसंच. उन्हाळ्याची दुपार. पोरानं संत्रं पाहिलं आणि बाटली तोंडाला लावली. ठसका लागून तो निळा पडला. अण्णांनी त्याला उचललं आणि मिळेल त्या गाडीनं अंबाजोगाईला नेलं. तीन दिवसांनी तो परत आला. वाचला. पण त्या तीन दिवसांत अण्णा मला एकदम म्हातारे दिसायला लागले.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. दुसऱ्या कशाच्या बाटलीत रॉकेल, फिनेल किंवा फवारणीचं औषध भरलं, की आधी वरचं चित्र ओलं करून खरवडून काढायचं आणि गळ्याला लाल दोरा बांधायचा. घरातल्या लहान पोरांना चालायला येण्याआधी शिकवायचं, लाल दोऱ्याला हात लावायचा नाही. पुढं दुकानात कुणी दारूची किंवा शरबताची बाटली घेऊन रॉकेलला आलं, की अण्णा न विचारता लाल दोरा बांधून द्यायचे. काही लोक हसायचे. आपल्याकडं कापसावर फवारणी वाढली आणि औषधाचे रिकामे डबे घरात पाण्याला वापरले जाऊ लागले, तेव्हा ते हसणं कमी झालं.

वेष्टनावर चित्र असणं ही किती जबाबदारीची गोष्ट आहे, हे मी त्या बाटलीवरून शिकलो.

पत्रा गेला, प्लास्टिक आलं

१९७० नंतर हळूहळू दुकानाचा रंग बदलला. सगळ्यात आधी आठवते ती निरमा. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरच्या घरी ही पावडर करून सायकलवरून विकायला सुरुवात केली. त्याआधी १९५९ पासून सर्फ होतं, निळ्या खोक्यात, पण ते डॉक्टरांच्या आणि तहसीलदारांच्या घरी. निरमा आली साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. वर पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी. खोक्याचा खर्च वाचला, भावही निम्म्याहून खाली. शिवाय पावसाळ्यात पुठ्ठ्याचं खोकं दमट होऊन आतली पावडर गोळा व्हायची, ते पिशवीत होत नसे. तेव्हा आमच्या आईनं पहिल्यांदा पूर्ण घराचे कपडे साबणाच्या वडीऐवजी पावडरीनं धुतले.

खोबरेल तेलाची गोष्ट तर दुकानदारानं ऐकावी अशीच आहे. पॅराशूटचं तेल पत्र्याच्या डब्यात यायचं. खिळ्यानं दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. १९८० च्या दशकात कंपनीनं स्वस्त पडणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीचा विचार केला. तर दुकानदारांनी नाही म्हटलं. कारण उंदीर. आधी कुणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या होत्या. त्या उंदरांनी कुरतडल्या आणि फळीवरचा सगळा माल तेलकट झाला. कंपनीचे हर्ष मारीवाला यांनी पुढं ही हकिगत अनेकदा सांगितली आहे. त्यांनी बाटली गोल केली, म्हणजे उंदराच्या दाताला धरायला कोपराच नको, आणि बाहेर तेलाचा थेंब येणार नाही असं झाकण केलं. मग पिंजऱ्यात उंदीर आणि बाटल्या एकत्र ठेवून, बाटल्या शाबूत राहिल्याचं दुकानदारांना दाखवलं. आज ती निळी गोल बाटली आपण न बघता हातात घेतो. तिच्या गोलपणामागं आपल्यासारख्या माळवदी दुकानांतले उंदीर आहेत, हे ध्यानात ठेवावं.

टूथपेस्टची ट्यूब ॲल्युमिनियमची होती. शेपटीकडून गुंडाळत आणायची, आणि शेवटी ती मधेच चिरून पेस्ट भलतीकडूनच बाहेर यायची. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एस्सेल पॅकेजिंगनं ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदच्या कारखान्यात प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांची लॅमिनेटेड ट्यूब करायला घेतली. ती दाबली तरी परत फुगते. डालड्याचा डबाही प्लास्टिकचा झाला. काडेपेटीचं पातळ लाकूड जाऊन पुठ्ठा आला. पारले-जीचा मेणकागद सगळ्यात उशिरा, म्हणजे २००० नंतर गेला. नव्या कागदात बिस्कीट मऊ पडत नाही, हे खरं. पण तो चुलीत घालता येत नाही. तोवर चुलीही राहिल्या नव्हत्या म्हणा.

दुकानावरचं तोरण

या सगळ्याहून मोठा बदल केला तो चिमुकल्या पुडीनं. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या प्लास्टिकच्या पुडीत भरून विकायचा मार्ग काढला. श्रीमंताला जे मिळतं ते गरिबालाही घेता आलं पाहिजे, असा त्यांचा विचार होता, असं त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन सांगतात. त्याच रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू काढला आणि पुढं तर तो आठ आण्यांना मिळू लागला.

आमच्या दुकानात या पुड्यांच्या माळा आल्या त्या दाराच्या चौकटीला टांगायच्या, तोरणासारख्या. त्या कुणी घेतल्या, हे सांगितलं पाहिजे. आपला तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन माणसं ट्रकमध्ये बसायची आणि पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायची. आधी ती आमच्याकडून तेलाचा डबा, मिठाचं पोतं, गुळाची ढेप घेऊन जायची. पाचटाच्या कोपीत मोठी बाटली ठेवायला ना फळी ना कपाट. आणि बाटलीभर शाम्पूचे पैसे एकदम आणणार कुठून? एका बाईनं मला सांगितलेलं आठवतं, "गुरुजी, आठ आण्यात पोरीचे केस धुतले जातात. बाटली घेतली तर शेजारणी मागतात, पुडी कोण मागंल?" त्या पुडीनं तिला जे दिलं, ते आमच्या दुकानानं कधी दिलं नव्हतं. आमचा खाक्या असा होता, की सुटं मागायला आलेल्या गरिबाला अण्णा थांबवून ठेवायचे, मोठं गिऱ्हाईक आधी. पुडीचा भाव सगळ्यांना सारखा.

म्हणून मी त्या पुडीला नुसत्या शिव्या घालणार नाही. पण तिचं एक वागणं वाईट आहे. ती प्लास्टिक आणि चमकत्या धातूच्या थरांची, एकमेकांना चिकटवलेली. हे थर वेगळे करता येत नाहीत. त्यामुळं भंगारवाला ती घेत नाही. पत्रा घेतो, काच घेतो, जाड प्लास्टिक घेतो, दुधाची पिशवी धुऊन दिली तर तीही घेतो. पुडी कुणीच घेत नाही. मग ती नालीत जाते.

छापील ओळ

अण्णांना मनापासून लागलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. १९७७ मध्ये बंद मालाच्या वेष्टनाबाबत नियम आले. पाकिटावर कंपनीचं नाव-पत्ता, वजन, तयार केल्याचा महिना आणि किंमत छापायची. तरीही 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिलेलं असे आणि त्या कराच्या नावाखाली काही दुकानदार मनाला येईल ते जोडत. १९९० पासून सगळे कर धरून कमाल किंमत छापणं आलं. आपण आज ज्याला 'एमआरपी' म्हणतो ते हे. त्या दिवसापासून शाळेतलं पोरगंसुद्धा अण्णांना म्हणू लागलं, "अण्णा, इथं बघा, किती लिहिलंय." अण्णा चिडायचे. मी मनात म्हणायचो, पोरगं बरोबर आहे.

मग १९९८ आलं. त्या वर्षी दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. अंगावर सूज येऊन साठाहून अधिक माणसं दगावली. हा पिवळा धोतरा आपल्या बांधावर ढिगानं उगवतो, काटेरी, पिवळ्या फुलांचा. त्याच वर्षी केंद्र सरकारनं खाद्यतेल बंद पॅकमध्येच विकावं असा आदेश काढला. लहान गावांतून सुटं तेल लगेच बंद झालं नाही, पण तेलाचे पाऊच दुकानात आले आणि लोक ते मागू लागले. अण्णा तेव्हा सत्तरीला आले होते. पहिल्या पाऊचचं खोकं उघडताना ते एवढंच म्हणाले, "दिल्लीत कुणीतरी विष मिसळलं आणि माझं नरसाळं खोटं ठरलं." त्यांचं दुःख मला कळत होतं. पण मरण पावलेल्या माणसांनीही आपापल्या ओळखीच्या दुकानदारावरच भरवसा ठेवला असणार, हेही कळत होतं. ओळख पुरत नाही, अशी वेळ आली होती. तेल लांबून यायला लागलं होतं. ते कुठल्या घाण्याचं, हे अण्णांनाही माहीत नसायचं.

पुढं २००१ पासून शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका आला. आजी असती तर खूश झाली असती, पुन्हा चित्रावरून ओळखता आलं असतं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर परवान्याचा क्रमांक आला. भरवसा आता माणसावरून उठून छापील ओळीवर आला आहे. मात्र ती ओळ वाचावी लागते. ५ रुपयांचा बिस्किटाचा पुडा कित्येक वर्षं ५ रुपयांचाच राहिला आणि आतलं वजन गुपचूप उतरत गेलं, हे किती जणांनी वाचलं? त्यापेक्षा काडेपेटी प्रामाणिक. २००७ पासून एक रुपयाला होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये उघड दोन रुपयांची झाली. अण्णांच्या वेळी गिऱ्हाईक तराजूच्या काट्याकडं डोळे लावून बघायचं. तेवढ्याच बारकाईनं आता पाकिटाच्या मागची ओळ बघायला हवी.

आपलं सीताफळ

जाता जाता आपल्या घरच्या मालाबद्दल. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ पूर्वी बांबूच्या पाटीत, खाली-वर पाला घालून, एसटीच्या टपावरून बाजाराला जायचं. नाजूक फळ, दोन-तीन दिवसांत मऊ होतं. निम्मं रस्त्यातच चेपायचं. आता क्रेट आले, पुठ्ठ्याची खोकी आली, गर काढून गोठवून पाठवतात. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आपल्या मातीचं नाव लावायचा कायदेशीर हक्क. पण घाटात पाटी मांडून बसलेल्या बाईच्या फळावर ते नाव लिहिणार कुठं? नाव लावायला खोकं लागतं आणि खोक्याला पैसे. जगभरचा माल आपल्या घरी नावानिशी येतो आणि आपला माल बिननावाचा जातो. याचा विचार आपल्या सोसायटीतल्या शिकलेल्या मुलांनी करावा.

पंचवीस वर्षांनंतर

आपली सोसायटी झाली तेव्हा आम्ही माळवदाचं घर सोडून इथं आलो. सामान आवरताना आईनं मोजले तर चाळीस-बेचाळीस रिकामे डबे निघाले. नव्या घराच्या ओट्याखाली त्यांना जागा नव्हती. भंगारात दिले. आई दोन दिवस बोलली नाही. घरं बदलली, तशी डबे ठेवायची सवय गेली. आणि नेमकं त्याच काळात वेष्टन असं झालं, की ते ठेवण्यासारखं राहिलंच नाही.

सरकारनं आपल्या परीनं केलं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. तीत दुधाच्या पिशवीमागं ५० पैसे परत द्यायची तरतूदसुद्धा होती. ते ५० पैसे आपल्या गल्लीत कुणाला मिळालेले मी पाहिले नाहीत. कॅरीबॅगा थोड्या कमी झाल्या. पण कंपनीच्या पाकिटांचा प्रश्न कॅरीबॅगेपेक्षा मोठा आहे आणि ती पाकिटं आपणच विकत आणतो.

आता एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. ती सांगायला मला लाज वाटते. गेल्या वर्षी लोणच्याची काचेची बरणी माझ्या हातून फुटली. मी काचा गोळा करून काळ्या कॅरीबॅगेत घातल्या आणि ती घंटागाडीत टाकायला दिली. गाडीवरच्या पोरानं पिशवी दाबून बसवली आणि काच त्याच्या तळहातात शिरली. सहा टाके पडले. आठ दिवस त्याचा रोज बुडाला. मी पैसे द्यायला गेलो, तर तो म्हणाला, "गुरुजी, पैसे राहू द्या, आत काच आहे एवढं सांगितलं असतं तरी झालं असतं."

त्या रात्री मला अण्णांची शरबताची बाटली आठवली. पंचावन्न वर्षांनी मी तीच चूक केली होती. आत एक आणि वरून दिसतं दुसरं. फरक एवढाच, की त्यांनी घरात ठेवलं होतं, मी दुसऱ्याच्या हातात दिलं.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं सोसायटीच्या सभेत मी तीन साध्या गोष्टी मांडणार आहे. पहिली, पुड्या आणि चकचकीत पाकिटं नालीच्या कडेला न टाकता प्रत्येक घरानं एका पोत्यात साठवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांची पोती एकत्र करून आपण ती स्वतः नगर परिषदेच्या गाडीत द्यायची. दुसरी, दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारात द्यायच्या. कोपरा कापून तो तुकडा वेगळा टाकायचा नाही, पिशवीलाच लटकलेला ठेवायचा. नालीत सगळ्यात जास्त सापडले ते हेच तुकडे. तिसरी, काच, ब्लेड, सुई, काहीही टोचणारं असेल तर ते जाड कागदात गुंडाळायचं आणि त्याला लाल दोरा बांधायचा. घंटागाडीवरच्या पोराला मी सांगून ठेवलं आहे. त्याला लाल दोऱ्याचा अर्थ माहीत आहे.

दोऱ्याचं एक रीळ मी आणून ठेवलंय. अण्णांच्या दुकानातल्या जुन्या कडीला टांगायचं तेवढंच मोठं आहे, बरीच वर्षं पुरेल. ज्यांना हवा असेल त्यांनी माझ्या घरून घेऊन जावा. चहाही होईल. रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना, सुनांना, नातवंडांना मनापासून शुभेच्छा.